जेंटू लिनक्स घरच्या मशीनवर: अपडेट, डिस्कची रेड आणि रात्रभराचं कंपाइल

जेंटू फुकट मिळतं, पण त्याचे हप्ते असतात. आठवड्याला अर्धा तास दिला तर एकच इन्स्टॉल वर्षानुवर्षं चालतं. सहा महिने हप्ता थकवला तर व्याजासकट वसुली होते, तीही नेमकी घाईच्या दिवशी. हे परीक्षण ज्या मांडणीचं आहे ती आधी सांगतो: सहा-आठ कोअरचा घरचा डेस्कटॉप, १६ ते ३२ जीबी रॅम, सिस्टिमसाठी एक एसएसडी, आणि फोटो-कागदपत्रांसाठी दोन किंवा चार हार्ड डिस्कची, ‘एमडीएडीएम’ या साधनाने बांधलेली सॉफ्टवेअर रेड, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा वाचावा म्हणून डिस्कचा एकत्र जोडलेला संच (यालाच ॲरे म्हणतात). लॅपटॉपवर मिरवायला जेंटू टाकणाऱ्यांना यातलं निम्मं लागू होणार नाही.

ओळख थोडक्यात. डॅनियल रॉबिन्स यांनी सुरू केलेल्या या डिस्ट्रोची (लिनक्सच्या वितरणाची) १.० आवृत्ती २००२ च्या मार्चअखेर आली. नाव एका चपळ पोहणाऱ्या पेंग्विनचं. पॅकेज मॅनेजरचं नाव पोर्टेज आणि तो चालवायची कमांड ‘इमर्ज’. गूगलचं क्रोमओएससुद्धा याच पोर्टेजवर बांधलं जातं. बाकीच्या डिस्ट्रो वाढलेलं ताट देतात, जेंटू शिधा देतं: सोर्स कोड तुमच्या मशीनवर उतरतो आणि तिथेच शिजतो, म्हणजे कंपाइल होऊन त्याचा चालणारा प्रोग्राम बनतो. कुठल्या पॅकेजात काय घालायचं, काय वगळायचं हे ‘यूज फ्लॅग’ ठरवतात. डिसेंबर २०२३ च्या शेवटी मात्र प्रकल्पाने तयार बायनरी पॅकेजंही अधिकृतपणे द्यायला सुरुवात केली आणि ‘जेंटू म्हणजे आठवडाभर कंपाइल’ हा जुना विनोद बराच शिळा झाला. ‘मेक डॉट कॉन्फ’ या पोर्टेजच्या सेटिंग फाइलीतल्या फीचर्सच्या ओळीत ‘गेटबिनपीकेजी’ घातलं की ज्या पॅकेजांचे यूज फ्लॅग तुमच्याशी जुळतात ती तयार उतरतात, उरलेली घरी शिजतात. सह्या तपासण्याची किल्ल्यांची सोय ‘गेटूटो’ नावाचं छोटं साधन लावून देतं. घरच्या मशीनवर हे सरळ चालू ठेवावं. लिबरऑफिस स्वतः कंपाइल केल्याने मराठी पत्र वेगाने टाइप होत नाही.

अपडेट

साप्ताहिक क्रम असा: आधी ‘इमर्ज --सिंक’, म्हणजे पॅकेजांची ताजी यादी. मग ‘इसिलेक्ट न्यूज रीड’, म्हणजे प्रकल्पाच्या सूचना वाचणं, जे बहुतेक जण गाळतात आणि नंतर फोरमवर रडतात. मग ‘इमर्ज --आस्क --अपडेट --डीप --न्यूयूज @वर्ल्ड’; वर्ल्ड म्हणजे तुम्ही मागून घेतलेली पॅकेजं आणि त्यांना लागणारी. ते संपलं की ‘डिस्पॅच-कॉन्फ’ (बदललेल्या कॉन्फिग फाइली जुळवायला), मग ‘इमर्ज @प्रिझर्व्ड-रिबिल्ड’ (जुन्या लायब्ररीवर अडकलेली पॅकेजं पुन्हा बांधायला), आणि शेवटी ‘इमर्ज --प्रिटेंड --डेपक्लीन’ची यादी नजरेखालून घालून, ओळखीचं काही त्यात जात नाही ना ते पाहून, खरं डेपक्लीन, म्हणजे आता कोणाला न लागणारी पॅकेजं काढणं.

यातल्या न्यूजचं महत्त्व एका उदाहरणाने सांगतो. मार्च २०२४ मध्ये प्रोफाइल (सिस्टिमच्या मूळ सेटिंगांचा संच) २३.० आलं. जुन्या १७.१ वरून नुसतं ‘इसिलेक्ट प्रोफाइल सेट’ करून वर्ल्ड अपडेट मारायचा नव्हता. आधी जुन्याच प्रोफाइलवर सगळं अद्ययावत करायचं, मग प्रोफाइल बदलायचं, मग टूलचेन (कंपाइलची हत्यारं), म्हणजे बिनयुटिल्स, जीसीसी, जीलिबसी, याच क्रमाने एकेक बांधायचे, आणि शेवटी ‘--एम्प्टीट्री’ने सगळं वर्ल्ड नव्याने. नव्या नावांत एक फसवी जागा होती: सिस्टिममध्ये ‘बिन’, ‘लिब’ ही मूळ फोल्डरं ‘स्लॅश यूएसआर’मध्ये विलीन झालेली नसतील तर ‘स्प्लिट-यूएसआर’ लिहिलेलं प्रोफाइल निवडायचं होतं. हे सगळं न्यूजमध्ये पायरीपायरीने लिहिलेलं होतं. ज्यांनी वाचलं त्यांची एक रात्र गेली, बायनरी वापरणाऱ्यांची तर तेवढीही नाही. क्रम उलटा करणारे मात्र अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या टूलचेनवर लटकले.

आता आउटपुट. ‘--आस्क’ दिल्यावर जी यादी येते तिच्यात एन म्हणजे नवीन, यू म्हणजे अपडेट, आर म्हणजे पुन्हा बांधणी. लहान लिपीतला बी दिसला तर पोर्टेज तो अडथळा स्वतःच सोडवणार आहे, घाबरायचं कारण नाही. मोठ्या लिपीतला बी म्हणजे दोन पॅकेजं एकत्र नांदत नाहीत आणि निवाडा तुम्ही करायचा आहे. बहुतेक वेळा त्यातलं एक नाव बदललेलं जुनं पॅकेज असतं आणि ते ‘--डिसिलेक्ट’ करून वर्ल्डच्या यादीतून काढलं की वाट मोकळी होते.

स्लॉट कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच पॅकेजच्या दोन न जुळणाऱ्या आवृत्त्यांची मागणी, आला की मात्र घोडं पेंड खातं. संदेश दोन-तीन पडदे भरेल इतका लांब, आणि त्यात कामाच्या ओळी चार. वाचायची रीत अशी: एकाच पॅकेजच्या दोन आवृत्त्या एकाखाली एक दिलेल्या असतात. प्रत्येकीखाली ती कोणी ओढली त्या पॅकेजांची नावं. जुनी आवृत्ती कोण धरून बसलंय ते नाव शोधायचं. दहांतल्या बऱ्याच वेळा ते तुम्ही दोन वर्षांपूर्वी हाताने लिहिलेल्या ‘पॅकेज डॉट यूज’मधल्या एखाद्या ओळीमुळे तिथे असतं. पायथनच्या बाबतीत हे हमखास होतं. वितरणाचं डीफॉल्ट पायथन पुढे सरकतं आणि तुमच्या फाइलीत मागच्या पायथनचा ‘सिंगल टार्गेट’ (कोणत्या पायथनसाठी बांधायचं ते) कोरून ठेवलेला असतो. ती ओळ काढा, डीफॉल्टवर सोडा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात. खरंच मिटली नाहीत तर काही काळ जुनं आणि नवं अशी दोन्ही टार्गेट ठेवून अपडेट करायचं, मग जुनं काढून दुसऱ्यांदा करायचं. ‘--बॅकट्रॅक’ला १०० दिल्याने कधीकधी तोडगा निघतो. पण तो पहिला उपाय नव्हे, पोर्टेजला जास्त वेळ डोकं खाजवायला लावणं आहे इतकंच. ‘--ऑटोअनमास्क-राइट’बद्दलही (रोखलेली पॅकेजं मोकळी करणाऱ्या ओळी आपणहून लिहिणारा पर्याय) तेच: काय लिहितोय ते न बघता होकार दिला तर टेस्टिंगमधली अर्धी पॅकेजं स्थिर मशीनवर येऊन बसतात.

सहा महिने बंद राहिलेलं मशीन असेल तर वर्ल्डला हात लावण्याआधी ‘इमर्ज --वनशॉट पोर्टेज’. नवी इबिल्ड्स (पॅकेज बांधायच्या कृती) नव्या ईएपीआयमध्ये, म्हणजे नव्या लेखननियमांत, लिहिलेली असू शकतात आणि जुन्या पोर्टेजला ती वाचताच येत नाहीत. मग टूलचेन, मग ‘@सिस्टिम’, मग ‘@वर्ल्ड’. दोन वर्षं बंद असेल तर स्वच्छ सांगतो, ‘होम’ आणि ‘ईटीसी’ बाजूला काढा आणि नवीन स्टेज ३ (मूळ सिस्टिमचा तयार गठ्ठा) उतरवा. जुनं सावरण्यात दोन दिवस जातात, नवीन मांडायला एक.

डिस्पॅच-कॉन्फकडे दुर्लक्ष सर्वांत महाग पडतं. नवी कॉन्फिग फाइल आली की तो फरक दाखवतो. ‘यू’ दाबलं की नवी घेतली जाते, ‘झेड’ दाबलं की नवी टाकून दिली जाते, ‘एम’ने ओळीओळीने जुळवता येतं. चाळीस फाइली एकदम आल्या की माणूस कंटाळून ‘यू, यू, यू’ करत सुटतो. त्या चाळिसांत ‘ईटीसी’खालची ‘एमडीएडीएम डॉट कॉन्फ’ असली तर तुमच्या ॲरेची ओळ पुसली जाते आणि तिच्या जागी टिप्पण्यांनी भरलेला नमुना येतो. पुढच्या बूटला ॲरेचं ‘एमडी०’ हे नाव गायब, ‘एमडी१२७’ हजर. डेटा जागच्या जागी असतो, पण ‘एफएसटॅब’मध्ये (बूटला काय कुठे जोडायचं त्या यादीत) ‘एमडी०’ लिहिलेलं असेल तर माउंट होत नाही आणि घाबरलेला माणूस इथून पुढे खऱ्या चुका करतो. म्हणून एफएसटॅबमध्ये कायम फाइलसिस्टिमचा यूयूआयडी (न बदलणारा ओळखक्रमांक) लिहावा. मग ॲरेचं नाव काहीही होवो.

कंपाइल फसतं तेव्हा

पहिला हिशेब रॅमचा. दर समांतर जॉबमागे सुमारे २ जीबी धरा. १६ जीबी रॅमवर ‘मेकऑप्ट्स’मध्ये ‘जे’ (एकाच वेळी चालणारे जॉब) ८ ठीक, १६ नाही, प्रोसेसर १६ थ्रेडचा असला तरीही. क्रोमियम, क्यूटी वेबइंजिन, वेबकिट-जीटीके, एलएलव्हीएम यांच्यासारख्या सी-प्लस-प्लसच्या डोंगरांवर २ जीबीसुद्धा कधी कमी पडते, विशेषतः लिंकिंगच्या वेळी. लक्षण ठरलेलं: ‘सीसी१प्लस’ (सी-प्लस-प्लसचा कंपायलर) मारला गेला, सिग्नल ‘किल्ड’. याला कोडची चूक समजून बग लिहू नका, कर्नलने मेमरी संपल्यामुळे तो मारलाय. ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, शेवटी ‘आउट ऑफ मेमरी’ दिसेल. उपाय सगळ्या मशीनचा जे कमी करण्यात नाही. ‘ईटीसी/पोर्टेज/ईएनव्ही’ या फोल्डरात एक छोटी फाइल करायची, तिच्यात जे ४ लिहायचं, आणि ‘पॅकेज डॉट ईएनव्ही’मध्ये फक्त त्या दोन-चार भारी पॅकेजांना ती लावायची. इतरांचा वेग अबाधित राहतो.

‘व्हार/टीएमपी/पोर्टेज’ या बांधणीच्या फोल्डराला टीएमपीएफएसवर, म्हणजे रॅममधल्या जागेवर, ठेवण्याची टूम लोकप्रिय आहे. एसएसडीवरची लिखाई वाचते हे खरं. पण ती जागा त्याच रॅममधून जाते जिच्यावर कंपायलर जगतो. ३२ जीबी असेल तर ठेवा, आणि मोठ्या पॅकेजांना वरच्याच युक्तीने डिस्कवरची वेगळी बिल्ड-जागा द्या. १६ जीबीवर हा उद्योग म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

आता लॉग. बांधणी फसली की पोर्टेज ‘बिल्ड डॉट लॉग’चा पूर्ण पत्ता देतं. लोक शेवटच्या वीस ओळी वाचतात, ज्यांत फक्त ‘मेक: एरर २’ आणि इबिल्डचा शोकसंदेश असतो. समांतर जॉबमुळे खरी चूक दोनशे-तीनशे ओळी वर गेलेली असते, कारण बाकीचे जॉब आपापलं काम उरकून मगच थांबतात. लॉगमध्ये दोन विसर्गचिन्हांमधला ‘एरर’ शोधा, म्हणजे आधी कोलन, मग शब्द, मग कोलन. पहिला सापडलेला तोच बहुधा गुन्हेगार. सापडलाच नाही तर ते एकच पॅकेज जे १ ने बांधा, चूक आपोआप तळाशी येईल. जे १ ने बिनबोभाट बांधलं गेलं तर ती समांतर बांधणीची शर्यत आहे, आणि हा बग नोंदवण्याजोगा आहे.

हेडर सापडत नाही, ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ येतो, अशा वेळी बहुतेकदा एखादी लायब्ररी पुढे गेलेली आणि तिच्यावर अवलंबून असलेलं मागे राहिलेलं असतं. प्रिझर्व्ड-रिबिल्ड राहून गेलं होतं का पाहा. पर्लची मोठी आवृत्ती बदलली असेल तर ‘पर्ल-क्लीनर --ऑल’.

‘इंटर्नल कंपायलर एरर: सेगमेंटेशन फॉल्ट’ हा वेगळा प्राणी. पुन्हा चालवा. त्याच फाइलीच्या त्याच ओळीवर पुन्हा आला तर कंपायलरचा बग. दर खेपेला वेगळ्या फाइलीवर आला तर रॅम खराब, नाहीतर तापमान जास्त, नाहीतर बायॉसमध्ये रॅमची एक्सएमपी (जास्त वेगाची) प्रोफाइल मशीनला झेपत नाही. एक्सएमपी बंद करा आणि रात्रभर मेमटेस्ट८६+ लावा. विदर्भात मे महिन्यात दुपारी जीसीसी बांधायला लावून प्रोसेसरला दोष देण्यात अर्थ नाही. आणि एक गोष्ट गंभीरपणे घ्या: ज्या रॅमवर कंपायलर कोसळतो त्याच रॅममधून तुमचे फोटो रेडवर लिहिले जातात. दोन्ही डिस्कवर सारखीच बिघडलेली फाइल लिहिली गेली तर आरसा (दोन डिस्कवर एकच प्रत ठेवणारी रेड) काही सांगणार नाही.

दहा पॅकेजांतलं एक फसल्यावर सगळं थांबू नये म्हणून ‘--कीप-गोइंग’. वीज गेली तर ‘इमर्ज --रिझ्यूम’ यादी पुढे चालू करतं, पण अर्धवट राहिलेलं पॅकेज पहिल्यापासून बांधतं. चार तास झालेलं क्रोमियम वाया जाऊ द्यायचं नसेल तर इमर्ज न वापरता ‘इबिल्ड’ कमांडला त्या इबिल्ड फाइलीचा पूर्ण पत्ता आणि पुढे ‘मर्ज’ द्या. झालेलं काम तसंच ठेवून ते पुढे जातं. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीची वीजकपात ठरलेली असते तिथे ही एक ओळ पाठ असलेली बरी.

मराठी वापरणाऱ्यांसाठी इथेच एक सूचना. ‘लोकेल डॉट जेन’मध्ये ‘एमआर_आयएन यूटीएफ-८’ घाला, ‘एल१०एन’मध्ये ‘एमआर’ द्या, लिबरऑफिसचे मेनू मराठीत येतील. पण मेक डॉट कॉन्फमध्ये ‘एलसी_मेसेजेस’ हे ‘सी डॉट यूटीएफ८’च ठेवा. अनुवादित एरर कोणत्याही बगच्या यादीत सापडत नाही.

डिस्कची रेड

खरं तर एमडी, म्हणजे सॉफ्टवेअर रेडचा ड्रायव्हर, हा कर्नलचा भाग आणि एमडीएडीएम कुठल्याही डिस्ट्रोवर हेच. मग जेंटूच्या परीक्षणात त्याला इतकी जागा का? कारण इथे कोणी तुमच्यासाठी काही जुळवून ठेवत नाही, आणि जुळणीच्या चुका डेटावर बेततात.

आधी खरेदी. डिस्क सीएमआर (पट्टे शेजारी शेजारी) आहे की एसएमआर हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. एसएमआरमध्ये पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे सलग मोठी लिखाई चालू राहिली की वेग कोसळतो. रेडची पुनर्बांधणी म्हणजे नेमकी तीच लिखाई. २०२० मध्ये उघड झालं की नॅससाठी (नेटवर्कवरच्या साठ्यासाठी) म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्ल्यूडी रेडच्या २ ते ६ टीबीच्या ‘ईएफएएक्स’ डिस्क एसएमआर आहेत. त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्क ‘रेड प्लस’ नावाने वेगळ्या काढल्या. (मराठीत लिहिताना ती रेड आणि ही रेड एकच दिसतात, त्याला इलाज नाही.) सीगेटच्या साध्या बाराकुडामध्ये ४ टीबीची ‘एसटी४०००डीएम००४’ एसएमआर आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुकानदाराला ‘नॅसवाली द्या’ म्हणून भागत नाही, मॉडेल क्रमांक कंपनीच्या यादीशी ताडून पाहा.

दुसरा सापळा टाइमआउटचा, आणि चांगल्या डिस्क विनाकारण रेडबाहेर फेकल्या जाण्याचं हे सर्वांत मोठं कारण आहे. साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर वाचताना एक-दोन मिनिटंही धडपडत राहू शकते. कर्नल मात्र ३० सेकंदांत धीर सोडतो, लिंक रिसेट करतो, डिस्क उत्तर देत नाही, एमडी तिला बाद ठरवतं. एका सेक्टरसाठी अख्खी डिस्क गेली. खरं तर डिस्कने लवकर ‘वाचता येत नाही’ म्हटलं असतं तर एमडीने दुसऱ्या प्रतीवरून तो सेक्टर पुन्हा लिहून दुरुस्त केला असता. ‘स्मार्टसीटीएल’ या डिस्क तपासणाऱ्या कमांडला ‘एल’ या पर्यायापुढे ‘एससीटीईआरसी,७०,७०’ देऊन पाहा. ७० म्हणजे ७ सेकंद, कारण एकक सेकंदाचा दहावा भाग आहे. डिस्क हे मानत नसेल तर उलट बाजूने जा: ‘सिस/ब्लॉक’खाली त्या डिस्कच्या ‘डिव्हाइस/टाइमआउट’ फाइलीत १८० लिहा. दोन्ही गोष्टी वीज गेल्यावर टिकतील याचा भरवसा नाही. ओपनआरसी (बूटला सेवा सुरू करणारी व्यवस्था) असेल तर ‘ईटीसी/लोकल डॉट डी’मध्ये ‘स्टार्ट’ शेपटीची फाइल करून, तिला चालवायची परवानगी देऊन ठेवा.

मांडणीबद्दल मत: दोन डिस्क असतील तर रेड १, प्रश्नच नाही. चार असतील तर रेड १० (आरशांच्या जोड्या) किंवा ६ (दोन डिस्क गेल्या तरी टिकणारी). रेड ५ मध्ये एक डिस्क गेल्यावर उरलेल्या सगळ्या डिस्क काठोकाठ वाचल्या जातात आणि त्याच वेळी दुसरीवरचा न वाचलेला खराब सेक्टर वर येतो. अख्खी डिस्क न देता पार्टिशन द्या आणि शेवटी १०० एमबी मोकळे सोडा. बदली डिस्क दुसऱ्या कंपनीची आणि काही सेक्टर लहान निघाली तर हीच जागा वाचवते. मेटाडेटा (ॲरेची स्वतःची नोंद) १.२ हे डीफॉल्ट उत्तम. अपवाद ईएफआय (बूटच्या) पार्टिशनचा: तिला आरसा हवा असेल तर १.० घ्या, कारण त्याची नोंद शेवटाला असते आणि फर्मवेअरला सुरुवातीला साधं फॅट दिसतं.

डिस्क बदलण्याचा प्रसंग जवळून पाहू. ‘प्रॉक/एमडीस्टॅट’मध्ये चौकटी कंसात ‘यूयू’ऐवजी ‘यू_’ दिसलं, म्हणजे एक डिस्क ॲरेबाहेर. घाई नको. आधी स्मार्टसीटीएलने पाहा. क्रमांक ५, १९७, १९८ (खराब सेक्टरांचे आकडे) वाढलेले असतील तर पृष्ठभाग खराब. फक्त १९९, म्हणजे सीआरसी, वाढला असेल तर डिस्क नवी घेण्याआधी साटा केबल बदला. हा आकडा केबल बदलल्यावरही कमी होत नाही, फक्त वाढायचा थांबतो, हे लक्षात ठेवा. केबलच होती असं ठरलं तर ‘--री-ॲड’. बिटमॅप (बदललेल्या भागांची नोंद) असेल तर मधल्या काळात बदललेला भागच जुळवला जातो आणि काम मिनिटांत होतं. १०० जीबीहून मोठ्या ॲरेला जुनं एमडीएडीएम बिटमॅप आपणहून लावायचं, नवं आधी विचारतं.

डिस्क खरंच गेली असेल तर बाहेर काढण्याआधी सिरियल नंबर लिहून घ्या. ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावं दर बूटला बदलू शकतात. ‘डेव्ह/डिस्क/बाय-आयडी’मध्ये सिरियल दिसतो, तोच डिस्कवरच्या चिकटपट्टीवर असतो. आरशातली धडधाकट डिस्क उपटून मेलेली आत ठेवण्याचा पराक्रम इथेच होतो. नव्या डिस्कवर पार्टिशन उतरवायला ‘एसजीडिस्क --रेप्लिकेट’ सोयीचं, पण त्याचा क्रम उलटा आहे: बरोबरच्या चिन्हापुढे येते ती नवी डिस्क, आणि ओळीच्या शेवटी येते ती जुनी. उलट लिहिलंत तर रिकामा पार्टिशन तक्ता चांगल्या डिस्कवर चढतो. त्यानंतर नव्या डिस्कवर ‘--रँडमाइझ-गाइड्स’ (तिचे ओळखक्रमांक वेगळे करायला) चालवायला विसरू नका. मग ‘एमडीएडीएम --ॲड’. ४ टीबीला १५० एमबी प्रतिसेकंद या वेगाने साडेसात तास लागतात. शेवटाकडे आतल्या पट्ट्यांवर वेग पडतो म्हणून दहा धरा. त्या रात्री वर्ल्ड अपडेट नको, क्रोमियम तर मुळीच नको.

डिस्क अजून जिवंत पण कुरकुरत असेल आणि एक साटा पोर्ट मोकळा असेल तर ‘--फेल’ करूच नका. नवी ‘--ॲड’ करून ‘--रिप्लेस’ आणि ‘--विथ’ वापरा. जुनी डिस्क शेवटपर्यंत ॲरेत राहते, एकही क्षण आरसा एकाक्ष होत नाही.

ॲरे सुरूच होत नसेल तर ‘--एक्झामिन’ने प्रत्येक सभासदाचा ‘इव्हेंट्स’चा (बदलांच्या मोजणीचा) आकडा पाहा. फरक दोन-चारचा असेल तर ‘--असेंबल --फोर्स’ बहुधा उभी करतं. फरक हजारोंचा असेल तर ती डिस्क कधीच मागे पडली होती, तिला जबरदस्तीने आत घेऊ नका. आणि ‘--क्रिएट’ला स्पर्शही नको. इंटरनेटवर ‘क्रिएट, अझ्यूम-क्लीन’चा सल्ला सढळ हाताने मिळतो. डिस्कचा क्रम, चंक (तुकड्याचा आकार) आणि डेटा ऑफसेट (डेटा कुठून सुरू होतो) हे तिन्ही अचूक जुळले तरच तो तारतो, नाहीतर उरलंसुरलं धुऊन नेतो. प्रयोग करायचाच तर डीएम स्नॅपशॉटचा ओव्हरले घालून करा, म्हणजे मूळ डिस्कवर काही लिहिलं जात नाही.

महिन्यातून एकदा ‘सिंक_ॲक्शन’ फाइलीत ‘चेक’ लिहा. न वाचलेले कोपरे त्यानिमित्ताने वाचले जातात. संपल्यावर ‘मिसमॅच_सीएनटी’ (न जुळलेल्या जागांचा आकडा) पाहा. रेड १ वर स्वॅप असेल तर तो शून्य नसणं चालतं. रेड ५-६ वर शून्यच हवा. आणि ‘मेलॲडर’ची (ईमेल पत्त्याची) ओळ भरून एमडीएडीएमचा मॉनिटर चालू करा. अर्ध्या आरशावर वर्षभर चालणारी मशीनं दुर्मिळ नाहीत, आणि मालकाला ते दुसरी डिस्क गेल्यावर कळतं. चुकून डिलीट केलेली फाइल रेड इमानेइतबारे दोन्हीकडून डिलीट करते, त्यामुळे तिसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर लागतेच.

झेडएफएस आणि बीटीआरएफएस या स्वतःच रेड सांभाळणाऱ्या फाइलसिस्टिमचं एका परिच्छेदात. झेडएफएसचं मॉड्यूल कर्नलबाहेरचं, त्याला ठरावीक कर्नलपर्यंतच पाठबळ असतं. तुम्ही त्यापुढचा कर्नल घेतलात की बांधणी फसते. ‘डिस्ट-कर्नल’ यूज फ्लॅग लावला तर निदान कर्नलसोबत मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधलं जातं. बीटीआरएफएसचा आरसा बरा, त्याचं रेड ५-६ घरच्या डेटासाठी नको.

कर्नल, म्हणजे दोन्हीचा सांधा

रूट फाइलसिस्टिम रेडवर ठेवू नका, असं आमचं स्पष्ट मत. एसएसडीवर रूट, रेडवर डेटा. रूट रेडवर असेल तर इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीच्या छोट्या सिस्टिममध्ये) ती बनवणाऱ्या ड्रेकटचं ‘एमडीरेड’ मॉड्यूल हवं आणि कर्नलच्या ओळीत ‘आरडी डॉट ऑटो’ १ किंवा ॲरेचा यूयूआयडी हवा. ड्रेकट ॲरे आपणहून जोडत नाही. जुन्या लेखांतलं ‘कर्नल स्वतः ओळखतो’ हे फक्त ०.९० मेटाडेटाला लागू. यातलं एक सुटलं की ‘अनएबल टू माउंट रूट’ आणि काळा पडदा.

हौस नसेल तर कर्नल स्वतः कॉन्फिगर करण्याच्या भानगडीत पडू नका. ‘जेंटू-कर्नल-बिन’ घ्या, ‘इन्स्टॉलकर्नल’ला ड्रेकट आणि ग्रब (बूटलोडर) हे फ्लॅग द्या, काम संपलं. मागचा चालता कर्नल मात्र नव्यावर दोन-तीन बूट होईपर्यंत ठेवा, आणि अपडेटआधी बूट पार्टिशनमध्ये जागा आहे का बघा. ती भरली की इनिटरॅमएफएस अर्धवट लिहिला जातो. जुने कर्नल ‘इक्लीन-कर्नल’ने काढता येतात.

दस्तऐवजाला पैकीच्या पैकी गुण. हँडबुक आणि विकी इतके नेटके आहेत की आर्च आणि डेबियनवालेही त्यावर येतात. वेगाला मात्र फार गुण नाहीत. ‘मार्च=नेटिव्ह’मुळे (आपल्याच प्रोसेसरसाठी बांधल्यामुळे) रोजच्या वापरात फरक जाणवेल ही आशा सोडा. जेंटूचा खरा लाभ नको ते न घालण्यात आणि काय का मोडलं हे उघड दिसण्यात आहे. ज्यांना आठवड्याचा तो अर्धा तास देता येणार नाही त्यांनी डेबियन घ्यावं, एमडीएडीएमचं वर लिहिलेलं जवळजवळ सगळं तिथेही तसंच चालेल.

गणपतीला पंधरा दिवस कोकणात जाणार असाल तर निघायच्या आदल्या रात्री सिंक करू नका. आठवडाभर आधी अपडेट उरका, एकदा रीबूट करून पाहा, रेडचा चेक संपू द्या, बाहेरची प्रत घ्या आणि मशीन बंद करून प्लग काढा. यूपीएसच्या भरवशावर चालू ठेवून जायचंच असेल तर ६०० व्हीएचा यूपीएस डेस्कटॉपला काही मिनिटंच तारतो हे धरून ‘नट’ (यूपीएसवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम) बसवा आणि बॅटरी कमी होताच मशीन आपणहून बंद होतं का, ते घरी असतानाच प्लग खेचून बघा.